शालीन: लेकीच्या बायोडाटावरून मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. लेकीच्या लग्नाच्या बायोडाटात तू 'सुस्वरूप, शालीन' असं घातलंस आणि ती भडकली. 'शालीन म्हणजे मान खाली घालून बसणारी ना? मग मी नाही शालीन!' तिचा राग मला शंभर टक्के पटतो. पण शब्दावरही अन्याय नको रे.

पुष्कळांना वाटतं हा शब्द 'शील'वरून आला. तसं नाही. तो 'शाला'वरून आला, आणि इथे शाला म्हणजे घर. धर्मशाळेतली, गोशाळेतली शाळा तीच. संस्कृत व्याकरणकार पाणिनीने 'अष्टाध्यायी'त त्याच्यासाठी खास सूत्र केलंय (५.२.२०): 'शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः'. 'ग्राम'चं 'ग्रामीण' करणाराच प्रत्यय शालेला लागला. टीकाकार फोड करतात: घरात शिरण्यास योग्य तो शालीन. अर्थ 'अधृष्ट', म्हणजे धीट नसलेला, बुजरा. म्हणजे तुझ्या लेकीने ओळखलेला अर्थ जुनाच आहे! पण बौधायन धर्मसूत्रात, म्हणजे आचारनियमांच्या जुन्या ग्रंथात बघ. तिथे घर करून राहणारे गृहस्थ ते शालीन आणि फिरस्ते ते यायावर. सरळसरळ पुरुषांसाठी वापरलेला शब्द. तो फक्त मुलींच्या गळ्यात बांधायचं आपल्याला कुणी सांगितलं?

आणि कालिदासाची इंदुमती आठव. 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात, स्वयंवरात एकेका राजाला मागे टाकत ती राजपुत्र अजापाशी येऊन थांबते. मन जडलंय, पण शालीनतेमुळे बोलवत नाही. अंगावरचा काटा मात्र लपत नाही. सोबतच्या सखी सुनंदेच्या ते लक्षात येतं आणि ती थट्टेने म्हणते, 'चला, पुढे जाऊ.' त्यावर इंदुमती तिच्याकडे असा काही जळजळीत तिरपा कटाक्ष टाकते! मग माळ अजाच्याच गळ्यात. शालीन होती, पण नवरा तिचा तिने निवडला.

मराठीने तर याहून मोठं काम केलंय. 'धृष्ट' म्हणजे उद्धट, धसमुसळा. त्याच कुळातला 'धार्ष्ट्य' आपल्याकडे 'धारिष्ट' झाला आणि त्याचा अर्थ झाला धैर्य. इकडे 'शालीन'मधला बुजरेपणा गेला. अधिकार असून आवाज न चढवणारा, समोरच्याचा मान राखणारा माणूस उरला. संस्कृतात एकमेकांसमोर उभे असलेले हे दोन गुण मराठीत एका घरात नांदू शकतात. समर्थांचा मनाचा सातवा श्लोक आपण लहानपणी घडाघडा म्हणायचो: 'मना श्रेष्ठ धारिष्ट जीवीं धरावें', आणि तिसऱ्याच चरणात 'स्वयें सर्वदा नम्र वाचे वदावें'. तुझी लेक मला अशीच दिसते. तुला तोंडावर नाही म्हणाली, पण तुझा अपमान होईल असा एक शब्द काढला नाही, हे तूच सांगितलंस.

तरी बायोडाटातून 'शालीन' काढून टाक. हा शब्द दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हणावा. स्वतःच्या कागदावर स्वतः लिहिला की त्याची शान जाते, आणि वाचणारा त्यातून 'गप्प बसणारी सून' एवढंच काढतो. तिथे तिचं काम लिही, आवडी लिही, तिला जोडीदार कसा हवा ते तिलाच लिहू दे.

वहिनींना नमस्कार सांग. नवा मजकूर झाला की आधी लेकीला दाखव, मग मला पाठव.

तुझाच,
बालमित्र