पहिल्या पगाराआधीचे सदतीस दिवस

ती. बाबा आणि आई,
सा. न.

शेजारच्या काकूंच्या नातवाला वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीत लावून देशील का, असं आईने परवा फोनवर विचारलं. लावून देणं फारसं अवघड नाही. तो तिथे टिकला पाहिजे. मुलांना शिकवून कंपन्यांत पाठवायचं माझं बहुतेक काम त्या टिकण्यासाठीच चालतं. त्यात तुमचीही मदत लागणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, कागदपत्रं तुम्ही तपासा. दहावीचं मार्कशीट, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक ओळीने समोर ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर जुळवून बघा. वडिलांच्या नावात एकीकडे ‘राव’ असतं, दुसरीकडे नसतं. पीएफची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची, केवायसी (ओळखीची पडताळणी) नेमकी तिथेच अडते. जन्मतारखेत फरक निघाला तर आधार मार्कशीटप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करायला जाऊ नका. बोर्डाकडे फार खेटे घालावे लागतात. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा स्वतःचाच हवा. मामाचा असेल तर ओटीपी गावाकडे जातो आणि पोरगं इकडे एचआरच्या टेबलापुढे ताटकळतं.

पगाराचा हिशोब काकूंना आधीच समजावून सांगा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० ठरले. त्यातून पीएफ १२ टक्के, म्हणजे १,६८०. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, १०५. व्यवसाय कर २००. हातात १२,०१५ येतात. गावात मात्र ‘चौदा हजार’ एवढंच पोचलेलं असतं, मग दोन हजार कुठे गेले यावरून घरात वाद होतो आणि मुलगा कंपनीने फसवलं असं समजून निघून येतो. पीएफ त्याच्याच नावावर साठतो आणि ईएसआयमुळे दवाखान्याचा खर्च वाचतो, हे स्लिप हातात धरून, बोट ठेवून दाखवलं की पटतं. नुसतं तोंडी सांगून पटत नाही.

सगळ्यात जास्त गळती पहिल्या पगाराच्या आधी होते. १ तारखेला रुजू झाला तर पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास होतो. म्हणजे सदतीस दिवस खिशातल्या पैशांवर. रूमचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना आणि सेफ्टी शूज कंपनीकडून मिळणार नसतील तर तेही. आई, इथे तुझ्या बचत गटाचं काम आहे. गटाच्या अंतर्गत कर्जातून त्याच्या आईला तेवढी रक्कम द्या, आणि परतफेड दुसऱ्या पगारापासून धरा. पहिल्या पगारातून हप्ता कापला तर पोरगं पुन्हा उधारीवर येतं.

गळतीचं दुसरं कारण म्हणजे कंपनीत न सांगता घरी येणं. लग्न, जत्रा, सोयाबीनची काढणी. घरून ‘ये’ म्हणतात, तो येतो, चार दिवसांनी परत जातो तर नाव कमी झालेलं असतं. म्हणून वर्गात आम्ही सुट्टी मागायचा सराव घेतो: कुणाकडे, किती दिवस आधी, एका वाक्यात. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ची उत्तरं पाठ करून घेण्यात कितीतरी ठिकाणी आठवडे जातात, मला ते पटत नाही. कारखान्याच्या लाइनवर कामाला येणाऱ्या मुलाला एचआर विचारतो, राहणार कुठे, रात्रपाळी चालेल का, आधीचं काम का सोडलं. ही उत्तरं खरी आणि तयार हवीत. त्याच्या जोडीला पाळीच्या वेळेवर उठायची सवय, आठ तास उभं राहण्याची तयारी आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, वाचता येणं. मुख्य पट्टीवर २४, जुळलेली रेघ तेरावी, लघुतम माप ०.०२, म्हणजे २४.२६ मिलिमीटर. घाईत मुलं २४.१३ लिहितात, रेघ मोजतात आणि गुणायचं विसरतात.

कंपन्यांशी जोडून घेण्याचं कामही असंच बारीक असतं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार, म्हणजे अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे एचआरचं दार उघडतं. पण करार एचआरशी झाला आणि लाइनच्या सुपरवायझरला पत्ताच नसला, तर नवीन मुलाला पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. म्हणून मी सुपरवायझरला भेटल्याशिवाय मुलं पाठवत नाही. नोकरी थेट कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडे, बस कुठपर्यंत येते, कँटीनचे किती कापतात, हे लेखी घेते. मुलींची बॅच असेल तर ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, दोघी-तिघींना आधी हॉस्टेल आणि कारखाना दाखवून आणते. त्यांनी स्वतः संडासाची कडी लावून बघितलेली असते, म्हणून गावात त्यांचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालतो.

तेव्हा आई, गटाच्या येत्या बैठकीत काकूंना शेजारी बसवून घे आणि कर्जाचा विषय काढ. बाबा, चारही कागदांचे फोटो मला रविवारपर्यंत पाठवा. नव्या बॅचची यादी मी सोमवारी लावते.

तुमची,
ताई