सरांना का काढलं, ते लेखी द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी कोल्हापूरची. माझी मुलगी कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात खेळते. सर म्हणजे या संघाचे प्रशिक्षक. गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी सहाला मुली सरावाला गेल्या, तर गेटवर शिपाई म्हणाला, "सर आजपासून येणार नाहीत." ना नोटीस, ना कारण. आम्ही काही पालक प्राचार्यांना भेटलो. "संस्थेचा निर्णय आहे," म्हणाले. संस्थेच्या ऑफिसात गेलो, तर तिथून परत प्राचार्यांकडेच पाठवलं.

कोल्हापूरचं फुटबॉलवेड आपल्याला वेगळं सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्याच गावचा. पण तालमींचा फुटबॉल पोरांचा. आमच्या पोरींना बूट घालून मैदानात उतरवलं ते या सरांनी. माझे सासरे ऐकत नव्हते. सर दोनदा घरी येऊन बसले, चहा घेऊन गेले. पुढच्या सामन्याला सासरे स्वतःच जाऊन बसले.

आता पेठेत कुजबुज सुरू आहे. पुरुष प्रशिक्षक, मुलींचा संघ आणि एका रात्रीत काढलेला माणूस. लोक काय अर्थ लावतात, ते मी इथं लिहीत नाही. दोन मुलींचा सराव घरच्यांनी बंद केलाय.

कुणा मुलीची तक्रार असेल, तर त्यासाठी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. ती अंतर्गत तक्रार समितीकडे जावी, ९० दिवसांत चौकशी व्हावी. त्या मुलीचं नाव आम्हाला नकोच, ते गुप्त ठेवायचं असतं. पण गुपचूप घरी पाठवलेला माणूस उद्या दुसऱ्या कॉलेजात शिकवायला मोकळा राहतो, त्याचं काय? आणि तक्रारच नसेल, तर एका भल्या माणसाचं नाव फुकट बदनाम होतंय. मला सर निर्दोष वाटतात. पण माझं वाटणं हा काही पुरावा नव्हे, म्हणून तर मी चौकशी मागतेय.

"मानधनावरच्या माणसाला कारण द्यावं लागत नाही," असं ऑफिसातले एकजण म्हणाले. ही गोष्ट तेवढी आपण बदला. मानधनावरचा प्रशिक्षक काढायचा असेल, तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि त्याला लेखी कारण द्यावं, असा शासन निर्णय काढा. पैशाची अडचण असेल तर तसं लिहा, संघ हरत असेल तर तसं लिहा. आम्ही ऐकून घेऊ.

कॉलेजचं नाव मी इथं दिलेलं नाही. मुलीला अजून दोन वर्षं तिथंच शिकायचंय. आपल्या कार्यालयानं विचारलं, तर सही करून देईन.

आपली,
एका खेळाडूची आई