मारुतीच्या कमरेएवढं पाणी

नाशिक, रविवार रात्र

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

पूर आला त्या दिवशी गोदाघाटावर काढलेले तुझे फोटो आईने आणि मी आज पुन्हा बसून पाहिले. आईला सगळेच आवडले. मला एक फार आवडला: पाणी चढायच्या आत टपरी उचलून वर नेणाऱ्या माणसांचे नुसते हात. चेहरे नाहीत, तरी घाई कळते. बाकीच्यांबद्दल फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

क्लासमध्ये एक-तृतीयांशाचा नियम शिकवलाय, आणि तू तो मनापासून पाळतेस. पडद्यावरचे नऊ चौकोन, रेघा छेदतात तिथे विषय. नियम चांगला आहे, पण तो कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1797 मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना तो मांडला. चित्रात दोन गोष्टी सारख्याच तोलाच्या ठेवल्या की नजर कुठे जावी ते ठरत नाही, एकीला मोठा वाटा द्यावा, असा त्याचा रोख होता. म्हणजे कशाला महत्त्व द्यायचं ते आधी ठरवायचं. रेघा नंतर.

आता नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो बघ. झूम करून तू त्याला उजव्या रेघेवर बसवलास आणि पाणी खालून कापलं गेलं. अगं, नाशिकचा माणूस पूर मोजतो तो त्या मारुतीवरच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घराघरांत एकच प्रश्न असतो, मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला? तुझ्या फोटोत मारुती आहे, पूर नाही. तिथे पाण्याची रेघ हाच विषय होता. मारुती खुशाल मधोमध ठेवायचा, दोन्ही बाजूंना गढूळ पाणी पसरू द्यायचं आणि मागे देवळांच्या बुडालेल्या पायऱ्या येऊ द्यायच्या. बाहेरगावच्या माणसालाही मग उंची कळली असती.

माझी एक चूक सांगतो. तुझी आजी कार्तिकात रामकुंडावर दिवा सोडत होती. रोलमध्ये 36 फोटो, त्यातला शेवटचा उरला होता. दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीखाली पडला होता, ओंजळ अजून पाण्याला टेकलेली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. रोल धुऊन आला तेव्हा दिसलं, विजेचा खांब थेट तिच्या डोक्यातून उगवलाय. तो खांब त्या वेळीही माझ्या समोरच होता. पण डोळा हवं तेवढंच बघतो आणि कॅमेरा सगळं घेतो. डावीकडे एक पाऊल सरकलो असतो तर खांब बाजूला गेला असता. तसा दिवा तिने पुन्हा सोडला असेल, पण मी तो टिपला नाही. याची खंत आजही आहे. तेव्हापासून बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवतो. तूही सवय लाव.

आणि मोकळ्या जागेला घाबरू नकोस. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी एका बियाण्याचा अंकुर वाढताना टिपला होता, थोडं थोडं करून, कॅमेरा तिथेच ठेवून. वेल उद्या चढणार ती जागा त्यांना पहिल्या दिवशीच चौकटीत रिकामी ठेवावी लागली असणार. मला हे फार मोलाचं वाटतं. तुझ्या फोटोतला नावाडी डावीकडे वल्हवतोय आणि नाव डाव्या कडेला टेकलीय, त्याला जायला जागाच नाही.

पुढच्या शनिवारी येशील तेव्हा सकाळी पांडवलेण्यांवर जाऊ. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात आत उभं राहून बाहेरच्या उजेडावर एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, धरलं की खांब काळे पडतात आणि चौकट आपोआप तयार होते. ओट्याखाली भार पेलणारे ते सहा यक्ष मात्र खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यायचे.

झूम लेन्स हॉस्टेलवरच ठेव, 50 मिमीची तेवढी आण. आईने चिवडा केलाय, रिकामा डबा परत आणायला विसरू नकोस.

तुझा,
बाबा