टायरची तारीखही तपासणीच्या कागदावर यावी

महोदय,

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या मोटरसायकलच्या ड्रॅग रेस (सरळ रेषेतल्या पाव मैलाच्या शर्यती) असोत की चेन्नई-कोईमतूरच्या ट्रॅकवरच्या शर्यती, पुण्या-मुंबईची बरीच मुलं आता त्यांत उतरतात. शर्यतीआधीच्या स्क्रुटिनीत, म्हणजे तांत्रिक तपासणीत, हेल्मेट, लेदर सूट, ब्रेक, किल स्विच (इंजिन तत्काळ बंद करणारं बटण) नीट पाहिले जातात. टायरच्या नक्षीवर मात्र नुसतं बोट फिरवलं जातं आणि ‘चांगला आहे’ म्हणून गाडी पुढे जाते. नक्षी शाबूत आहे याचा अर्थ टायर झिजला नाही, एवढाच. तो किती जुना आहे, हे नक्षी सांगत नाही.

वय टायरवरच छापलेलं असतं. ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे येतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३८१९’ म्हणजे २०१९चा ३८वा आठवडा, अर्थात सप्टेंबर. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, तो जागेवरच बाद करावा. हा कोड बहुधा एकाच बाजूला असतो. एका बाजूला सापडला नाही म्हणून ‘कोडच नाही’ असं लिहून मोकळं होऊ नये. गाडी पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घ्या, टॉर्च लावा आणि चाक पूर्ण फिरवून दोन्ही बाजू पाहा.

हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे, कारण जून २०२०मध्ये नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं. मोठ्या बाइकचे मऊ रबराचे टायर तेव्हापासून सहज मिळेनासे झाले. मग दुकानातला जुना साठा आणि ‘फक्त दोन वेळा ट्रॅकवर गेलेला’ असं सांगून विकलेले टायर हातोहात खपतात. न वापरलेला टायर म्हातारा होत नाही, हा समज चुकीचा आहे. रबरात ओझोनपासून बचावासाठी मेण मिसळलेलं असतं आणि टायर धावताना वाकतो तेव्हा ते पृष्ठभागावर येतं. नुसता उभा राहिलेला टायर या संरक्षणाला मुकतो. वेल्डिंग मशीन किंवा विजेच्या मोटारीजवळ ठेवला तर ओझोनमुळे आणखी लवकर तडकतो.

वेगात काय होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. १७ इंची रिमवर १९०/५५ टायर (रुंदी १९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ५५ टक्के) असेल तर त्रिज्या साधारण ३२ सेंटिमीटर. ताशी २०० किलोमीटरला त्याच्या परिघावरचं रबर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ हजारपट जोराने बाहेर ओढलं जातं. ताशी १००ला हा जोर चौथाईच असतो, म्हणून रस्त्यावर तोच टायर ठणठणीत वाटतो. शिवाय ताशी २००ला सेकंदाला सुमारे २८ वेळा तो जमिनीवर चपटा होऊन पुन्हा गोल होतो. हवा कमी असेल तर हे चपटं होणं वाढतं, आतली उष्णता वाढते आणि कडक झालेलं रबर आतल्या थरांपासून सुटू लागतं. ड्रॅगवाले पकड मिळावी म्हणून मागची हवा उतरवतात, पण पाव मैलाच्या शेवटी वेग सर्वांत जास्त असतो तेव्हाही टायरमध्ये तीच कमी हवा असते. अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर वेगाचे विक्रम करू पाहणारे टायरवरचं रबर मुद्दाम पातळ ठेवतात ते याच कारणाने. बाहेरचं वजन कमी म्हणजे ओढही कमी.

टायरच्या बाजूवर छापलेलं वेगमर्यादेचं अक्षरही वाचायला हवं. ‘५५पी’मधल्या ५५चा अर्थ २१८ किलो भार आणि ‘पी’चा अर्थ ताशी १५० किलोमीटर. ‘एस’ १८०, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४०. इंजिन उघडून वाढवलेल्या दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांवर मूळचे ‘पी’ टायर सर्रास दिसतात. शिवाय बर्नआउट करताना, म्हणजे गाडी जागेवर धरून मागचं चाक फिरवताना, चाकाचा वेग कुठल्या कुठे पोचलेला असतो. अक्षराची मर्यादा चाकाच्या वेगाला लागू होते, हे विसरलं जातं.

भेगा पाहण्याआधी टायर साबणाने धुवावा. टायर पॉलिश चकाकीबरोबर भेगाही झाकतं. मग रिमलगतचा भाग आणि नक्षीच्या खाचांचा तळ पाहावा, कारण भेगा तिथे आधी दिसतात. रबराचा कडकपणा ड्युरोमीटरने (कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाने) तीन-चार ठिकाणी मोजावा, टायर थंड असताना, आणि त्याच मॉडेलच्या नव्या टायरशी ताडून पाहावा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, कारण प्रत्येक रबर मिश्रण वेगळं. स्ट्रिप घालून पंक्चर काढलेला टायर, फुगवटा असलेला टायर, फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या उलट बसवलेला टायर यांवर चर्चाच नको. टायर बदलताना रबरी व्हॉल्व्हही बदलावा आणि टोपी धातूची, आत रबरी वॉशर असलेली हवी. बॅलन्सिंगची वजनं चिकटपट्टीने झाकावीत.

नियमाप्रमाणे दुचाकीला ०.८ मिलिमीटर नक्षी पुरते. टायर कंपन्यांचा नेहमीचा सल्ला असा की ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासा, १० वर्षांनी बदलाच. पण हे रस्त्याचं झालं. शर्यतीसाठी ५ वर्षं ही शेवटची मर्यादा धरावी आणि ट्रॅकवर वारंवार तापून थंड झालेला टायर त्याच्याही आधी काढावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आयोजकांनी यासाठी वेगळा माणूस नेमायची गरज नाही. स्क्रुटिनीच्या कागदावर पुढच्या आणि मागच्या टायरचा तारखेचा कोड, वेगाचं अक्षर आणि थंड असतानाची हवा एवढ्या नोंदींसाठी रकाने ठेवावेत. कोड वाचता येत नसेल तर गाडी धावपट्टीवर सोडू नये. प्रवेश अर्जासोबतच ही अट छापली तर स्पर्धक टायर घेतानाच दुकानदाराकडून बिलावर कोड लिहून घेतील.

– शर्यतींचे काही तांत्रिक तपासनीस, पिंपरी-चिंचवड