आई-बाबांना पत्र : दिवसावर हक्क कुणाचा?

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

निवृत्तीनंतर बाबांच्या डोक्यावरचा ताण उतरेल असं आपण सगळेच धरून चाललो होतो. तसं झालं नाही. बाबा, तुम्ही सकाळीच दिवसभराचं वेळापत्रक मांडता, त्यातलं काही राहिलं की संध्याकाळभर अस्वस्थ असता. आणि आई, तुझा दिवस तर आम्हा सगळ्यांच्या सोयीने ठरतो. तुम्हा दोघांची झोप उडाली आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ताण कामाच्या ढिगामुळे येतो असं आपल्याला वाटतं. पण तेवढीच कामं करून एक माणूस शांत असतो आणि दुसरा कावून जातो. थेरीज मॅकन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ साली याच प्रश्नावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यातून दिसलं ते असं की, वेळेच्या नियोजनाने ताण हलका होतो तो ‘माझा वेळ माझ्या ताब्यात आहे’ या भावनेमुळे. ती नसेल तर नुसत्या याद्या करून फार काही हाती लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

बाबा, तुमच्या बाबतीत मला वाटतं, वेळापत्रकच तुमच्यावर हुकूम गाजवू लागलं आहे. शिवाय कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसाचा हमखास चुकतो. कॅनडात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘कधी पूर्ण होईल’ असं विचारलं होतं. त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले, लागले ५५. हाही अभ्यास १९९४ चाच. ही मुलं काही आळशी नव्हती, अंदाज बांधताना आपण अडचणी धरतच नाही. तेव्हा दिवसाला तीनच कामं ठरवा आणि मधली जागा मोकळी सोडा. उरलेलं उद्यावर गेलं तर जाऊ दे, तुमच्याकडे आता कुणी हिशेब मागत नाही.

आई, तुझी गोष्ट वेगळी आहे आणि मला तिची काळजी जास्त वाटते. तुला नियोजन शिकवायची गरजच नाही. इतकी वर्षं घर तूच चालवलंस. पण त्या नियोजनात तू स्वतः कुठेच नसतेस. कुणीही हाक मारली की हातातलं टाकून उठायचं, हे रोजचंच. अमेरिकेत १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका गटाला सांगितलं, तुमच्या गोष्टी तुम्ही ठरवा; हवं ते रोपटं निवडा, त्याला पाणी तुम्हीच घाला, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या गटालाही रोपटी मिळाली, पण त्यांची निगा कर्मचारी राखणार होते. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातली माणसं जास्त उत्साही आणि सावध दिसली. पाणी कधी घालायचं एवढ्याशा निर्णयाने माणसात फरक पडतो, तर रोजचा एक अख्खा तास तुझ्या मर्जीचा असेल तर किती बरं वाटेल!

रात्री डोळा लागत नसेल तर एक करून बघा. निजण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर उतरवा, आणि मोघम न लिहिता नेमकी लिहा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. ती तरुण मंडळी होती, तुमच्या वयाला तेवढाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही. पण अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं आणि त्याचा बेत ठरला की मन ते सोडून देतं, हे इतर प्रयोगांतही दिसलं आहे. एवढं करूनही झोप येत नसेल किंवा छातीत धडधड होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. ते पुढे ढकलायचं नाही.

आई, तुझा तो तास कोणता ते तूच ठरव आणि मला कळव. दादालाही मी सांगते. त्या वेळात आमच्यापैकी कुणीही तुला हाक मारणार नाही की फोन करणार नाही. बाबा, तेवढ्या वेळात दाराची बेल वाजली तर तुम्ही उठायचं.

तुमची लेक