आधी नवगाव, मग ऑशविट्झ : इतिहास शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक मागणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. या तासांत काय चालते ते आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापनाचे तक्ते, ॲपवर माहिती कशी भरायची. त्यातले काही उपयोगी पडतेही, पण इतिहासाच्या शिक्षकाला इतिहासाविषयी नवे काही सांगणारे प्रशिक्षण क्वचितच वाट्याला येते. म्हणून आपल्या पत्राद्वारे ही मागणी करत आहे. रायगड, ठाणे, मुंबई आणि पुणे जिल्ह्यांतील शिक्षकांसाठी इथल्या ज्यू समाजाचा इतिहास आणि नाझींनी केलेला ज्यूंचा वंशसंहार, म्हणजे होलोकॉस्ट, या दोन्हींचे मिळून दोन दिवसांचे प्रशिक्षण ‘डाएट’मार्फत, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत, सुरू व्हावे. आणि ते याच क्रमाने व्हावे.

मागणीचे मूळ वर्गात आहे. माध्यमिकच्या मुलांना ‘माझा आवडता नेता’ या विषयावर लिहायला सांगा, एखाद्या वहीत हिटलर हमखास सापडतो. ‘कडक शिस्तीचा’, ‘देशासाठी काहीही करायला तयार असलेला’ अशी वर्णने असतात. ही मुले वाईट नाहीत. स्टेशनबाहेरच्या पथारीवर त्यांना हिटलरचे आत्मचरित्र यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी दिसते, आणि तेही मराठीत. २००६ साली खारघरमध्ये एका रेस्टॉरंटला त्याचे नाव दिले गेले होते. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर ते बदलले. मला अधिक काळजी वाटते ती आम्हा शिक्षकांची. एका प्रशिक्षणात मार्गदर्शकांनी व्यासपीठावरून ‘शाळेत थोडी हिटलरशाही हवीच’ असे म्हटले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये इतिहास शिकवणारेही होते.

असे का होते? साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती, हे आकडे पाठ करून परीक्षेत उतरवता येतात. पण ज्यू म्हणजे कोण, हे मुलाला माहीत नसते आणि बहुतेकदा शिक्षकालाही नसते. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात नाझीवादावर अनेक वर्षे स्वतंत्र प्रकरण राहिले आहे. राज्य मंडळाच्या मुलांना मात्र हा विषय दुसऱ्या महायुद्धाच्या ओघात उभ्या उभ्या भेटतो. ज्या माणसांचा चेहरा कधी पाहिला नाही, त्यांच्या मरणाने कोणी हलत नाही.

आपल्याकडे तो चेहरा अगदी जवळ आहे. अलिबागजवळ नवगावला समुद्रालगत बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, जुने कब्रस्तान आणि स्मारक आहे. जहाज फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, ही त्यांची परंपरागत कथा. शिक्षकांनी इथे कथा आणि पुरावा यांतला फरक शिकवावा. ही घटना नेमकी कधीची यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि इतिहासाच्या तासाला त्याहून चांगला प्रश्न कुठला मिळणार? पुढे हा समाज तेलाचे घाणे चालवू लागला. शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळायचा म्हणून घाणा बंद, त्यामुळे गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे वाचून मुलाला ती गावे नकाशावर दाखवता येतात.

अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ सालचे मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आहे. रेवदंड्याला आणि पेणलाही आहेत. कब्रस्तानातल्या शिळांवर हिब्रूसोबत मराठी मजकूर आढळतो. तारखा, नाती, गावाचे नाव हे सारे आपल्या देवनागरीत. सहावीचा विद्यार्थीसुद्धा अशी एखादी शिळा वाचून वहीत उतरवून घेऊ शकतो, त्यावरून एका कुटुंबाच्या दोन पिढ्या लावू शकतो. मलिद्याचे ताट त्याला परके वाटणार नाही, कारण त्यात गोड पोहे, ओले खोबरे, सुकामेवा आणि फळे असतात. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करून घरातली मंडळी ते वाटतात. या समाजाने पेसाह सणाला वाचायची हग्गादा ही पोथी मराठीत छापली, बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली आणि हैम सॅम्युएल किहीमकरांनी एकोणिसाव्या शतकातच समाजाचा इतिहास लिहून ठेवला. इस्राएलला गेलेल्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेल्या समाजातले आता इथे काही हजारच उरले आहेत. त्यांना कोणी हाकलले नाही, ते आपल्या इच्छेने गेले, हेही मुलांना सांगायला हवे.

दुसरा दिवस युरोपचा, पण तोही इथूनच सुरू करता येतो. जर्मनीत १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबईच्या महापौरपदी डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल गृहस्थ निवडून आले. महालक्ष्मी-वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा. या दोन गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या की वर्ग आपोआप प्रश्न विचारू लागतो.

नाझींपासून जीव वाचवून आलेली माणसेही आपल्या राज्यात राहिली. आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईला आले. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर, तसेच बर्लिनचे रूडी फॉन लायडन यांनी हुसेन, रझा, आरा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांच्या पाठीवर हात ठेवला. पण १९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रज सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुदेशाचे’ म्हणून अटकेत टाकले. त्यात हिटलरच्याच भयाने पळून आलेले ज्यूही होते. तेव्हाचे अहमदनगर, देवळाली, पुरंदर ही ठिकाणे या इतिहासात येतात. पुरंदरावर दरवर्षी शाळांच्या सहली जातात, तिथे ही हकीकत सांगितली जात नाही.

वर्ध्याचाही धागा आहे. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला आणि ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी जेरुसलेमहून सविस्तर, व्यथित उत्तर लिहिले. जुलै १९३९ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरलाही पत्र लिहिले, ते त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. अकरावी-बारावीच्या वर्गात हे लेखन आदराने, पण मोकळेपणाने वाचले गेले पाहिजे.

अचूकपणासाठीही प्रशिक्षण लागते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हा आपल्याला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. परंतु व्हॉट्सॲपवर ते सरसकट ‘हिटलरच्या छळछावणीतून सुटलेले ज्यू’ होऊन फिरतात. त्यातले बहुसंख्य कॅथलिक होते आणि त्यांना सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हद्दपार केले होते. दोन वेगळी दुःखे एकत्र कालवणे हा दोघांवरही अन्याय आहे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत ठाम आहे. तेरा वर्षांच्या मुलांसमोर प्रेतांच्या ढिगांची छायाचित्रे लावू नयेत. वर्गात कैदी आणि पहारेकरी अशी नाटुकली तर मुळीच करू नयेत. त्याऐवजी एक कुटुंब घ्यावे आणि पायऱ्या दाखवाव्यात. एप्रिल १९३३ मध्ये दुकानांवरचा बहिष्कार, मग नोकरीतून काढणे, मग कायदे, नोव्हेंबर १९३८ ची जाळपोळ, मग गेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्या, आणि शेवटी ऑशविट्झची मृत्युछावणी. प्रत्येक पायरीवर शेजारी काय करत होते हे विचारावे. रोमा (जिप्सी) लोक आणि अपंग यांचीही हत्या झाली, तेही सांगावे. मुले गाझाबद्दल विचारतील आणि त्यांनी विचारावेच. शिक्षकाचे मत काहीही असो, अलिबागच्या ज्यू कुटुंबाकडे किंवा १९४२ मध्ये मारल्या गेलेल्या मुलाकडे आजच्या कुठल्याही सरकारचा हिशेब मागता येत नाही, एवढे शिक्षकाला स्पष्ट असायला हवे.

यासाठी फार खर्च नाही. राज्य शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, तेव्हा अल्पसंख्याक विभाग आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी एकत्र बसावे. पहिला दिवस अलिबागला, समाजाच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन सिनेगॉग आणि नवगाव. दुसरा दिवस डाएटमध्ये, पाठ टाचण घेऊन. साधनव्यक्तींमध्ये बेने इस्राएल समाजातील ज्येष्ठ असावेत, कारण त्यांची पिढी अजून आपल्यात आहे. २७ जानेवारी हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला होलोकॉस्ट स्मरणदिन प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी येतो. पहिली तुकडी त्याआधी व्हावी, अशी शिक्षण विभागाला विनंती आहे. मराठीत पाठ आणि नकाशे तयार करण्याच्या कामासाठी मी सुट्टीचे दिवस द्यायला तयार आहे, आणि माझे काही सहकारीही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक इतिहास शिक्षिका, जि. रायगड