हँक विल्यम्सचे गुरू राहूनच गेले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेल्या 'कंट्री' संगीताचा गायक हँक विल्यम्स याच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, ओहायोतील कँटन येथील कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर त्याला आलेल्या मृत्यूचे वर्णन लेखकाने मन लावून केले आहे. मात्र दारू आणि दुःख यांतूनच जणू त्याची गाणी आपोआप उगवली, असा सूर लेखाला लागला आहे. तो पटत नाही, आणि त्या सुराच्या भरात हँकला घडवणाऱ्या दोन माणसांची नावे लेखात आलीच नाहीत.

पहिले नाव रूफस पेन यांचे. वडील वर्षानुवर्षे रुग्णालयात, घर आईच्या एकटीच्या जिवावर, अशा स्थितीत अलाबामा राज्यात वाढणाऱ्या हँकला जॉर्जियाना या लहानशा गावी रस्त्यावर गाणारे हे कृष्णवर्णीय कलावंत भेटले. लोक त्यांना 'टी-टॉट' म्हणत. पोरवयातल्या हँकने त्यांच्याकडून गिटारचे धडे तर घेतलेच, पण ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराचा ठेका आणि समोरची गर्दी धरून ठेवण्याची हातोटीही उचलली. आपल्याला संगीताची जी काही तालीम मिळाली ती त्यांच्याकडूनच, असे हँकने पुढे मुलाखतीत सांगितले होते. वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या दक्षिणेत, गोऱ्यांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा एवढा मोठा गायक असा तयार झाला, ही गोष्ट एका वाक्यातही येऊ नये याचे आश्चर्य वाटते. पेन १९३९ साली माँटगोमेरी येथे गरिबीतच वारले. शिष्याची पहिली तबकडी निघायला तेव्हा सात-आठ वर्षे अवकाश होता.

दुसरे नाव फ्रेड रोझ यांचे. नॅशव्हिलमधील या संगीत प्रकाशकाने १९४६ साली हँकला हाताशी धरले, त्याच्या कच्च्या ओळी तपासल्या, कडवी नीट बसवून दिली. यात रोझ यांचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण हँक कारागिरासारखा गीतावर बसत असे, एवढे त्यातून निश्चित होते. गंमत अशी, की ११ जून १९४९ रोजी 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर ज्या 'लव्हसिक ब्लूज'ला श्रोत्यांनी पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' दिला, ते गाणे त्याचे नव्हतेच, १९२२ सालचे जुने होते. ते ध्वनिमुद्रित करणे रोझ यांना मुळीच पसंत नव्हते. इथे गुरूचा अंदाज चुकला. मात्र स्वतः हँकने लिहिलेले 'कोल्ड, कोल्ड हार्ट' १९५१ मध्ये पॉप गायक टोनी बेनेट यांच्या आवाजात शहरी श्रोत्यांतही अग्रस्थानी पोहोचले, ते त्यातल्या साध्या, बांधेसूद शब्दांमुळे.

दारूविषयीही लेखात अर्धेच आले आहे. हँकच्या पाठीच्या कण्यात जन्मजात दोष होता, डिसेंबर १९५१ मध्ये त्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि अखेरच्या महिन्यांत विकतच्या पदवीवर डॉक्टर म्हणवणारा एक इसम त्याला गुंगीची औषधे लिहून देत होता. दारूमुळे ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकले. व्यसनाने त्याचे कार्यक्रम बुडवले, संसार मोडला, शेवटी जीव घेतला. हँकच्या गाण्यांचे श्रेयही त्या व्यसनालाच देऊन टाकणे फारच झाले.

कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये १९६१ साली ज्या पहिल्या तिघांना स्थान मिळाले, त्यांत हँकबरोबर रोझ यांचेही नाव होते. २०१० साली हँकला मरणोत्तर दिलेल्या पुलित्झर विशेष सन्मानाच्या मानपत्रातही त्याच्या गीतलेखनातील कारागिरीचाच उल्लेख आहे. एखाद्या रविवारी रूफस पेन यांच्यावरही दोन रकाने द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सांगली